किनाऱ्यावरची फ्री डिश : छत्री टिकली, एफ कनेक्टरने दगा दिला

पावसाळा सरला, आभाळ निरभ्र झालं, तरी पडद्यावर ‘नो सिग्नल’. छत्री जागची हललेली नव्हती, सेट-टॉप बॉक्सही ठीक होता. एलएनबीवरचा, म्हणजे छत्रीसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीवरचा, एफ कनेक्टर (केबलच्या टोकाची जोडणी) उघडला तर आत हिरवी पूड. नवीन एलएनबी घ्यायचा सल्ला मिळतो तो बहुतेकदा इथेच, आणि तो खर्च फुकट जातो.

डीडी फ्री डिशला महिन्याचे पैसे नाहीत, त्यामुळे पहिली जुळणी नीट केली की झालं. उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्व. होकायंत्रावर रत्नागिरीहून दिशा साधारण १२८ अंश, म्हणजे आग्नेय, आणि उंची क्षितिजापासून वर ५९ अंश. अलिबागला १३० आणि ५८, वेंगुर्ल्याला १२७ आणि ६०. आपल्याकडे होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर जवळजवळ एकच, वजाबाकी नको. फक्त लोखंडी खांबापासून दूर उभं राहून बघा. ब्रॅकेटवर आकडे असतील तर तिथे आपल्या गावची उंची लावा, रत्नागिरीत ५९. छत्री त्याहून वीस-पंचवीस अंश उभी दिसेल. ती ऑफसेट असते, म्हणजे एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असतो, म्हणून तसंच दिसायला हवं.

खांब आधी ओळंब्यात हवा. तो कलला की सगळे अंश खोटे. जांभ्याच्या चिऱ्यात रावळप्लग सैल होतो. स्लॅबवर बसवा, नाहीतर भिंतीतून आरपार बोल्ट आणि मागे पट्टी. माड आडवा येतो का, याचा हिशोब सोपा: छत्रीपेक्षा ३० फूट उंच शेंडा त्या दिशेला निदान १८ फूट लांब हवा. झावळ्या वाऱ्यात खाली येतात, अंतरात आणखी पाचेक फूट सोडा.

बॉक्सच्या मेनूत भरायचे आकडे: एलएनबी ९७५०/१०६००, ट्रान्सपॉन्डर ११०९०, व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५००. ‘स्ट्रेंथ’ची पट्टी बघू नका, ती छत्री भलतीकडे असतानाही भरते. ‘क्वालिटी’ बघा. ६० सेंटीमीटरच्या छत्रीची कड अर्धा सेंटीमीटर सरकली की एक अंश झाला, म्हणून हळू, आणि दर वेळी चार-पाच सेकंद थांबा. शेवटी एलएनबी गोल फिरवून क्वालिटी सर्वांत जास्त येईल तिथे कसा.

आता कनेक्टर. बॉक्समधून वर १३ किंवा १८ व्होल्ट जातात. खारं पाणी आत शिरलं की विजेच्या त्या दाबाखाली मधल्या तारेवरचं तांबं खाल्लं जातं. स्वस्त आरजी-६ केबलमध्ये तांब्याचा नुसता मुलामा आणि आत पोलाद; मुलामा गेला की गंज. मल्टिमीटर इथे फसवतो: एलएनबी काढून मोजलं तर प्रवाह वाहतच नाही, गंजलेल्या जोडणीतही १३ व्होल्ट दिसतात.

बसवल्यावर रबरी टोपी पुरेशी वाटते. एका पावसाळ्यानंतर माझं मत साफ बदललं: टोपी पाणी आत धरून ठेवते. पिळून बसवायचे कनेक्टर नकोतच, कॉम्प्रेशनचे, म्हणजे अवजाराने दाबून बसवायचे, घ्या. वरून स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून, खालून वर गुंडाळा, म्हणजे थर कौलांसारखे बसतात. कनेक्टरपाशी केबलला खाली झुकणारा वळसा ठेवा, पाणी तिथून गळून जाईल. आंबूस वासाचं सिलिकॉन लावू नका, त्यातलं ॲसिड तांबं खातं. नट-बोल्ट ३१६ ग्रेडचे स्टेनलेस.

छत्री घराच्या पूर्वेच्या अंगाला लावली तर समुद्राचा वारा भिंत अडवते, आणि उपग्रहही त्याच बाजूला आहे. पश्चिमेच्या गच्चीवर लावण्यात काहीच फायदा नाही.

मुसळधार सरीत चित्र जाणारच, सर ओसरली की येतं. त्यासाठी कुणाला बोलावू नका. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सकाळी अकराच्या सुमारास सूर्य उपग्रहामागे येतो, तेव्हाही काही मिनिटं जातं. त्या वेळी छत्रीवर सावली पडत असेल, तर तोडायची झावळी तीच.