एकाच फाइलवर दोघांची सही

माझा धाकटा सहा वर्षांचा, बालदम्याचा. दोन वर्षं आमच्या घरात लपवाछपवी चालली होती: डॉक्टरांकडे गेलं की काढ्याचं नाव काढायचं नाही आणि वैद्यांकडे गेलं की पंपाचं. आधीच्या एका डॉक्टरांनी काढ्याचं ऐकून सासूबाईंना चारचौघांत झापलं होतं, तेव्हापासून आम्ही गप्पच.

कोथरूडच्या या क्लिनिकमध्ये बालरोगतज्ज्ञ आणि वैद्यबाई शेजारशेजारच्या खोल्यांत बसतात. पहिल्या भेटीआधी फोनवरच सांगितलं, "मुलाला घरात जे जे देता ते पिशवीत घालून आणा." सासूबाईंनी खरंच सगळं आणलं. वैद्यबाईंनी टेबलावर एकेक डबी उघडून वास घेऊन पाहिली. सितोपलादी चूर्ण मधातून चालेल म्हणाल्या. ओळखीतून आलेल्या लाल पुड्यांवर मात्र काहीच छापलेलं नव्हतं. "यात पारा आहे की शिसं, कोण सांगणार? मुलाला देऊ नका, आजी." ओव्याची धुरीही त्यांनीच बंद केली, धुरानं दम्याच्या मुलाचा श्वास आणखी कोंडतो. हेच डॉक्टरांनी सांगितलं असतं तर सासूबाईंनी मुळीच मानलं नसतं.

दिवाळीनंतर अटॅक आला तेव्हा डॉक्टरांनी पाच दिवसांचं पोटातलं स्टिरॉइड लिहिलं आणि लिहितालिहिताच शेजारी हाक मारली. वैद्यबाई आल्या, फाइल वाचली, काढ्यातल्या ज्येष्ठमधावर काट मारली. ज्येष्ठमधानं अंगातलं पोटॅशियम कमी होऊ शकतं, स्टिरॉइडनं आणि दम लागल्यावर घ्यायच्या पंपातल्या साल्ब्युटामॉल या औषधानंही. म्हणून एकत्र नको. खाली दोघांची सही. रोजचा पंप एक दिवसही चुकवायचा नाही, हे वैद्यबाईंनीच मला दोनदा बजावलं. तोंडात बुरशी धरू नये म्हणून या रोजच्या पंपानंतर चूळ भरायची, हेही त्यांनीच मुलाला करून दाखवलं.

दमा गेला असं मी म्हणणार नाही. पंप चालू आहे, काढाही. रात्रीचा खोकला पुष्कळ उतरलाय; कशानं, ते मला सांगता येणार नाही. पण आता सासूबाई स्वतः डॉक्टरांना सगळं सांगतात.

तास-दीड तास थांबावं लागतं आणि फी दोघांची वेगळी. वैद्यबाई फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी असतात, तेव्हा त्याच दिवसाची वेळ घ्या. डब्यांची पिशवी विसरू नका.