मूक फिल्मला 'बेस्ट डायलॉग', आणि आमचे १६,२५० रुपये

एका बनावट फिल्म फेस्टिव्हलच्या नादात गेले १६,२५०. त्यातले ६,७५० आत्याचे, आणि जास्त झोंबतंय ते तेच.

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी आम्ही चौदा मिनिटांची शॉर्टफिल्म केली. पंचवटीतलं मामाचं जुनं घर, कॅमेरा मित्राच्या दादाचा, मुख्य भूमिकेत आत्या, जेवण आईचं. शेजारच्या पिठाच्या गिरणीने सगळ्या आवाजाची वाट लावली आणि डबिंग आत्याला जमेना, म्हणून संवाद काढून नुसतं संगीत टाकलं. फिल्ममध्ये कुणी एक अक्षर बोलत नाही. हे लक्षात ठेवा.

इन्स्टावर एका 'इंटरनॅशनल' फेस्टिव्हलची जाहिरात दिसली. एन्ट्री फी १,८००. फी खऱ्या फेस्टिव्हललाही असते, त्यात खटकण्यासारखं काय होतं? मग 'सिलेक्शन' झालं, ज्युरी राउंडचे ४,५००. मग 'बेस्ट डायलॉग'चं बक्षीस, ट्रॉफी-सर्टिफिकेटचे ३,२००.

सिलेक्शनच्या मेलमध्ये लिहिलं होतं, 'संवाद अतिशय प्रभावी'. संवाद! मी ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि घरात टाळ्या वाजल्या. एक मित्र म्हणालासुद्धा, "अरे, पण डायलॉग कुठायत?" दुसरा म्हणाला, डोळ्यांतले म्हणत असतील. पटलं आम्हाला! यूट्यूबची अनलिस्टेड लिंक (ज्याच्याकडे लिंक त्यालाच दिसते अशी) दिली होती, तिचे व्ह्यूज पाठवल्यापासून एकानेही वाढले नव्हते. म्हणजे फिल्म उघडलीच नव्हती हरामखोरांनी. लिंकचे व्ह्यूज बघत जा. आता सगळे विचारतात, एवढंही कळलं नाही? पहिल्याच फिल्मचं कौतुक आल्यावर तुम्ही बसला असतात का आकडे बघत?

शेवटी अंधेरीच्या एका हॉलमध्ये स्क्रीनिंग, पास माणशी ७५०, आम्ही नऊजण. ते आत्याने हौसेने भरले. भिशीतल्या बायकांना सांगून झालं होतं, पैठणी नेसून ती नाशिकरोडला गाडीत बसली. हॉलवर कुठल्या तरी डान्स क्लासचं गॅदरिंग. मॅनेजरने फेस्टिव्हलचं नावही ऐकलेलं नव्हतं. हॉलला आधी फोन करा, आणि नंबर आयोजकाकडून घेऊ नका. 'सेन्सॉर सूट', म्हणजे सेन्सॉर सर्टिफिकेटशिवाय फिल्म दाखवायची परवानगी, म्हणून आणखी २,५०० मागत होते, ते कॉलेजच्या सरांना विचारलं म्हणून वाचले. ही सूट आयोजकाने माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून घ्यायची असते, फिल्मवाल्याने नाही.

चौकीतले साहेब हसले. "बक्षीस मिळालंय ना, मग तक्रार कसली?" सायबरवाले म्हणाले मुंबईचा विषय, मुंबईवाले म्हणाले राहता तिथे द्या. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द न बघता तक्रार घ्यावी लागते, हे सांगितलं तर उत्तर आलं, "वकिली करतोस का?" १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लागता लागेना. लागला तेव्हा, "पैसे तुम्हीच पाठवलेत ना?" हेच बँकेने विचारलं, हेच चौकीत विचारलं. अहो, फसवणुकीत पैसे माणूस स्वतःच देतो, नाहीतर तिला चोरी म्हणाले असते! सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार 'प्रक्रियेत' आहे. कसली प्रक्रिया, कुणाकडे, विचारायची सोय नाही.

क्यूआर स्कॅन केल्यावर संस्थेऐवजी भलत्याच माणसाचं नाव आलं की तिथेच थांबा. आमच्या तिन्ही पेमेंटला वेगवेगळी नावं होती. 'अकाउंट्स टीम' म्हणे.

त्यांचं पेज अजून चालू आहे, नवीन सीझनच्या एन्ट्री घेतायत. कुणी अडकलं असेल तर चॅट पुसू नका, पेमेंटचे यूटीआर नंबर (प्रत्येक व्यवहाराला बँकेचा असतो तो) काढून ठेवा आणि लाज न बाळगता स्वतंत्र तक्रार करा. त्याच खात्यांवर आणखी पाच-सहा तक्रारी पडल्या तर निदान कुणीतरी फाईल उघडेल.