सायकियाट्रीच्या औषधांची फ्लॅशकार्डं, थर्ड इयर नर्सिंगला घ्यावीत का?

मी बीएस्सी नर्सिंग थर्ड इयरला आहे, मेंटल हेल्थची पोस्टिंग लागायच्या आधी पुण्याच्या आप्पा बळवंत चौकातून हा सेट घेतला होता, 60 कार्डं, 380 रुपये. आता पोस्टिंग पण झाली आणि पेपर पण, म्हणून वापरून झाल्यावरचं लिहितेय.

लिथियमचं, म्हणजे मूड स्थिर ठेवायच्या औषधाचं, कार्ड अप्रतिम आहे. रक्तातली लेव्हल 0.6 ते 1.2 mEq/L, 1.5 च्या वर टॉक्सिसिटी म्हणजे विषबाधा, सॅम्पल शेवटच्या डोसनंतर 12 तासांनी, एवढं तर सगळीकडेच असतं, पण इथे कारण दिलंय. किडनी लिथियमला सोडियमसारखंच वागवते, अंगातलं मीठ-पाणी कमी झालं की ती सोडियम धरून ठेवते आणि त्याच्यासोबत लिथियम पण धरते, म्हणून लेव्हल चढते. हे एकदा कळलं की जुलाब, उलट्या, उन्हातलं काम वेगळं पाठ करावं लागत नाही. आमच्या वॉर्डातल्या एका मावशींना डिस्चार्जच्या वेळी मी मुद्दाम विचारलं, "मावशी, उपासाला मीठ सोडता का?" तर म्हणाल्या, "हो ना, श्रावणी सोमवार अळणीच करते मी." लगेच सिस्टरना सांगितलं, मग डॉक्टरांनी त्यांना नीट बसवून समजावलं. कार्डावर फक्त "सोडियम नियमित ठेवा" लिहिलंय, उपासाचा शब्द नाही, आपल्याकडच्या पेशंटसाठी तो हवाच होता.

दुसरं आवडलेलं म्हणजे इपीएसचं, म्हणजे सायकियाट्रीच्या काही औषधांमुळे स्नायू आणि हालचालींवर होणाऱ्या साइड इफेक्ट्सचं. हॅलोपेरिडॉल (भ्रम-भास कमी करणारं औषध) मिळालेल्या एका तरुण मुलाची दुसऱ्या दिवशी मान एकीकडे वळून ताठ झाली, डोळे वर गेले, त्याची आई रडायलाच लागली की पोराच्या अंगात काहीतरी शिरलं. मला कार्डावरचं डिस्टोनियाचं (स्नायू अचानक आखडण्याचं) चित्र आठवलं, पळत जाऊन सिस्टरना बोलावलं, डॉक्टरांच्या ऑर्डरने फेनर्गनचं इंजेक्शन दिलं आणि थोड्या वेळाने मान सरळ झाली. "काकू, हे औषधामुळे झालं होतं, बाहेरचं काही नाही" असं त्यांना मी खात्रीने सांगू शकले. त्याच कार्डावर अकॅथिसिया पण छान दिलाय, पेशंट एका जागी बसत नाही, सारखा येरझाऱ्या घालतो, आपल्याला वाटतं आजार वाढला आणि अजून डोस दिला तर त्रास उलट वाढतो. एनएमएसला, म्हणजे याच औषधांच्या जिवावर बेतणाऱ्या रिअ‍ॅक्शनला, लाल चौकट आहे, ताप, लाकडासारखं ताठ अंग, घाम, गोंधळलेला पेशंट, म्हणजे पुढचा डोस थांबवायचा आणि आधी डॉक्टरांना फोन. क्लोझापिन चालू असताना घसा दुखतोय किंवा ताप आला तर लगेच सीबीसी (रक्तपेशींची तपासणी), कारण त्याने पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, हे पण ठळक आहे.

आता जे पटलं नाही ते. ब्रँडची नावं सगळी अमेरिकेतली, आपल्या ट्रॉलीत दिसते सेरेनेस (हॅलोपेरिडॉल) आणि पॅसिटेन (इपीएसवरची गोळी), त्यामुळे पहिला आठवडा माझा गोंधळात गेला. एमएओआय (डिप्रेशनची जुनी औषधं) आणि ती घेताना टाळायच्या चीजवर अख्खी 3 कार्डं खर्च केलीत, ती औषधं मला पूर्ण पोस्टिंगमध्ये एकदाही दिसली नाहीत. आणि खरा राग एसएसआरआयच्या (डिप्रेशनवरच्या नेहमीच्या गोळ्यांच्या) कार्डाचा आहे, मूड सुधारायला 2 ते 4 आठवडे लागतात पण अंगात हालचाल करायची ताकद त्याआधी येऊ शकते, म्हणून सुरुवातीच्या दिवसांत आत्महत्येच्या विचारांवर जास्त लक्ष ठेवायचं, एवढी महत्त्वाची गोष्ट तळाला बारीक अक्षरात एका ओळीत! तिलाही लाल चौकट द्यायला हवी होती. गोळी दिल्यावर तोंड उघडायला लावून गोळी लपवली नाही ना म्हणून गाल आणि जिभेखाली बघायचं, हे तर कुठेच नाही, ते आम्हाला वॉर्डातल्या सिस्टरनी शिकवलं.

5 पैकी साडेतीन स्टार. कार्डांची मागची बाजू अर्धी कोरी आहे, तिथे मी आपल्याकडचे ब्रँड, उपास आणि तोंड तपासायचं हे पेनने लिहून घेतलंय, कोणाला हवं असेल तर सांगा, फोटो टाकते.