कौल की कुळ? पेनांगमधील एक मंदिर आणि एक पूर्वजगृह

मलेशियातील पेनांग बेटावरच्या जॉर्ज टाऊन शहरात ज्याच्या हाती एकच सकाळ आहे आणि जुन्या चिनी वास्तूचा अंतर्भाग ज्याला निवांतपणे पाहायचा आहे, त्याच्यापुढे दोन नावे हमखास येतात: क्वान यिन या देवीचे मंदिर आणि खू कोंगसी, म्हणजे खू कुळाचे पूर्वजगृह. दोन्हींत लाल कंदील, धूप आणि सोनेरी मुलामा दिलेले कोरीवकाम असल्यामुळे केवळ छायाचित्रे पाहून निवड करणारा फसण्याची शक्यता अधिक असते. प्रत्यक्षात पहिली वास्तू देवीला कौल लावण्याची आहे, तर दुसरी एका कुळाने आपली नोंद ठेवण्यासाठी आणि आपले वैभव चारचौघांत मिरवण्यासाठी बांधलेली आहे.

क्वान यिनचे मंदिर १८०० मधले असून, चीनच्या क्वांगतुंग आणि फूच्येन या दोन्ही प्रांतांतून आलेल्या लोकांनी मिळून ते उभारले. ‘कोंग हॉक केओंग’ या त्याच्या औपचारिक नावात दोन्ही प्रांतांच्या नावांतील एकेक अक्षर आहे. आरंभी तेथे दर्यावर्दींची देवी माझू हिची आराधना होत असे. पुढे क्वान यिन प्रमुख झाली. ही क्वान यिन म्हणजे मुळात आपला अवलोकितेश्वर. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणी ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तोच बोधिसत्त्व चीनमध्ये शतकानुशतके राहून स्त्रीरूप धारण करून येथे करुणादेवी झालेला दिसेल.

या मंदिराच्या आत पाहण्यासारखी वस्तू कोणती, असे विचारल्यास प्रामाणिक उत्तर ‘वस्तू नव्हे, वावर’ असेच द्यावे लागेल. छताचे लाकूड धुराने काळवंडलेले असल्यामुळे बारीक कोरीवकाम सहजी उमगत नाही. मात्र वेदीसमोर गुडघे टेकलेला भाविक काय करतो, हे पाच मिनिटे बाजूला उभे राहून पाहावे. तो बांबूच्या नळकांड्यातील क्रमांक घातलेल्या काड्या एका लयीत हलवतो आणि त्यांतील एक काडी खाली पडेपर्यंत थांबत नाही. मग ती काडी देवीने खरोखरच दिली का, हे विचारण्यासाठी चंद्रकोरीच्या आकाराचे दोन लाकडी तुकडे जमिनीवर टाकतो. प्रत्येक तुकड्याची एक बाजू सपाट आणि दुसरी फुगीर असते. एक सपाट व एक फुगीर बाजू वर आली तर होकार, दोन्ही फुगीर आल्या तर नकार, आणि दोन्ही सपाट आल्या तर देवी नुसतीच हसली असे मानून प्रश्न पुन्हा विचारायचा. कोकणात किंवा गोव्यात देवाला कौल लावताना, मूर्तीवरून फूल कोणत्या अंगाला पडते याकडे डोळे लावून बसलेली माणसे ज्याने पाहिली आहेत, त्याला येथे दुभाष्याची गरज पडणार नाही.

खू कोंगसीची गोष्ट निराळी आहे. फूच्येनमधील एका गावातून आलेल्या खू आडनावाच्या लोकांनी १८३५ मध्ये आपली संस्था स्थापन केली. त्यांनी उभारलेले भव्य सभागृह १९०१ मध्ये आगीत नष्ट झाले. सम्राटाच्या राजवाड्याशी बरोबरी केल्यामुळे देवांचा कोप झाला, अशी वदंता त्यानंतर पसरली, आणि १९०६ मध्ये पूर्ण झालेली आजची वास्तू पहिलीपेक्षा लहान बांधली गेली. ही ‘लहान’ वास्तू पाहिल्यावर पहिली कशी असेल, याचा अंदाज मनाशी बांधणे कठीण जाते.

चौथऱ्यावर चढून आत गेल्यावर तीन दालने लागतात. मधले कुळाच्या रक्षक देवतांचे, एका बाजूचे समृद्धीच्या देवाचे आणि दुसऱ्या बाजूचे पूर्वजांचे आहे. घाईचा प्रवासी मधल्या दालनावरच खिळतो; माझ्या मते सर्वाधिक वेळ पूर्वजांच्या दालनाला द्यावा. तेथे मृतांच्या नावांच्या लाकडी उभ्या पाट्या रांगेने मांडलेल्या आहेत. आपल्या देव्हाऱ्यातील टाकांवर आकृती उठवलेली असते. येथे आकृती नाही, केवळ अक्षरे आहेत, आणि पूर्वजाचे अस्तित्व त्या अक्षरांतच मानले जाते. याच वास्तूत भिंतींवर वंशजांनी मिळवलेल्या पदव्या आणि हुद्दे सोनेरी अक्षरांत लावलेले आहेत. घरातल्या मुलाचे प्रमाणपत्र दिवाणखान्यात टांगण्याची हौस किती सार्वत्रिक आहे, हे पाहून थोडी गंमतही वाटते.

कारागिरीच्या बाबतीत तर तुलनाच संभवत नाही. येथील तुळया, त्यांखालचे आधार आणि दगडी फलक स्वच्छ उजेडात, अगदी जवळून पाहता येतात. छपरावरील रंगीत आकृती चिनीमातीच्या भांड्यांचे तुकडे कापून, एकेक चिकटवून घडवलेल्या आहेत.

खू कोंगसीत तिकीट घ्यावे लागते, मंदिरात प्रवेश विनामूल्य आहे. पण या फरकावर निर्णय घेऊ नये. दम्याचा त्रास असणाऱ्याने किंवा तान्हे मूल सोबत असणाऱ्याने मात्र निःशंकपणे कोंगसी निवडावी, कारण मंदिरातील धूर गर्दीच्या दिवशी डोळ्यांत पाणी आणतो. ज्याला वास्तुकला समजून घ्यायची आहे, त्यालाही मी कोंगसीच सुचवीन. एकाच अटीवर हा दुसरा सल्ला बदलेल: आपण पोहोचाल त्या दिवशी चिनी महिन्याची पहिली किंवा पंधरावी तिथी असेल, तर मंदिरात जावे. आपल्या दिनदर्शिकेतील अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या आगेमागेच या तिथी येतात. क्वान यिनचे मोठे उत्सव चिनी दुसऱ्या, सहाव्या आणि नवव्या महिन्यांच्या एकोणिसाव्या तिथीला, म्हणजे आपल्या संकष्टीच्या आसपास असतात. त्या दिवशी कोंगसीची कारागिरी दुसऱ्या फेरीसाठी राखून ठेवावी.

दोन्ही ठिकाणी उंबरठा मुद्दाम उंच ठेवलेला असतो. त्यावर पाय न देता तो ओलांडावा. मंदिरात नतमस्तक झालेल्या माणसाच्या चेहऱ्यावर कॅमेरा रोखू नये. आणि कोंगसीत शिरण्यापूर्वी बाहेरच्या दगडी शीख पहारेकऱ्यांकडे अवश्य पाहावे. ब्रिटिश अमलाखालच्या या बंदरात शिपाई आणि राखणदार म्हणून शीख ठेवण्याची पद्धत होती, म्हणून चिनी पूर्वजांच्या दारावर पंजाबी पगडी आली.