हॉफ घेऊ की कॉफ?

एमएससीच्या प्रोजेक्टला सीओटू (कार्बन डायऑक्साइड) पकडणारं मटेरियल घ्यायचंय, हॉफ घेऊ की कॉफ, असं दोघातिघांनी विचारलं म्हणून एकदाच लिहून टाकतो. दोन्ही म्हणजे सेंद्रिय रेणूंच्या पोकळ्यावाल्या जाळ्या, हॉफमध्ये रेणू हायड्रोजन बंधांनी धरलेले, कॉफमध्ये पक्क्या सहसंयुज बंधांनी. मॉफ ही तिसरी जाळी यात धरत नाही, त्यात धातू आला, आणि तिला मिळालेल्या 2025 च्या नोबेलनंतर त्यावर बोलणारे भरपूर आहेत.

मी आधी हॉफच घेतला होता, कारण खरं सांगायचं तर आळस. रेणू विरघळवा, बाटली कोपऱ्यात ठेवा, काही दिवसांनी स्फटिक. सगळं हायड्रोजन बंधांवर उभं, त्यामुळे बिघडलं तरी परत विरघळवून परत स्फटिक काढता येतात, कॉफमध्ये ही सोय नाहीच. मायक्रोस्कोपखाली तर नुसती खडीसाखर! कॉफवाले बिचारे पावडरच्या एक्सआरडीतल्या (एक्स-रे टाकून स्फटिकरचना तपासतात ती चाचणी) जाड जाड पीकवरून अंदाज बांधत बसतात.

पण आतला सॉल्व्हंट काढायची वेळ आली आणि माझं डोकं फिरलं. पोकळ्या रिकाम्या केल्याशिवाय सीओटू शिरणार कुठं, आणि व्हॅक्यूम लावला की आमचा डोलारा बसलाच. एक्सआरडीला नंबर लागायला आठवडा, आणि लागला की सपाट रेघ, म्हणजे स्फटिकपणा गेला. सॉल्व्हंट बदलला, हळूहळू तापवून पाहिलं, चवथीच्या आधी शेवटचा लॉट लावून घरी गेलो, परत येऊन बघतो तर तेच. परत विरघळवता येतं हा गुण खरा हो, पण मी सहा महिने तेवढंच करत होतो.

मग टीपीपीए-वन केला. 2012 मध्ये राहुल बॅनर्जींच्या ग्रुपने पुण्याच्या एनसीएलमधून (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) दिलेला कॉफ, आधी इमीन (कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंध) बनतो मग कीटो रूपात जाऊन कुलूप लागतं, बंध परत सुटत नाही, त्यामुळे उकळत्या पाण्यात काय आणि 9 नॉर्मल एचसीएलमध्ये (तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल) काय, टिकतो. कटकट आहेच, लिक्विड नायट्रोजन पाहिजे, ट्यूब सील करा, 120 डिग्रीला तीन दिवस, मी दोन ट्यूब फोडल्या. (खलात घोटूनही होतो, त्याच ग्रुपने 2013 मध्ये दाखवलंय, पण स्फटिकपणा जरा कमी.) लाल पावडर मिळते, दिसायला मिरचीपूड, पण व्हॅक्यूममधून बाहेर काढली तरी पीक जागच्या जागी.

शिवाय आपल्याकडची हवा. जुलैत सकाळचा कडक उंडा पाव संध्याकाळी चामट होतो तिथं पाण्याला घाबरणारं मटेरियल काय कामाचं, 2005 चे पहिले बोरॉनवाले कॉफ त्यातच मार खायचे. नुसता टीपीपीए-वन उघड्या हवेतले चारशे-सव्वाचारशे पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) सीओटू ओढेल असं मी म्हणत नाही, त्याला पोकळीत अमीन (सीओटूला धरणारा नायट्रोजनवाला गट) लागतं. अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या कॉफ-999 मध्ये तेच केलंय, 2024 ला आला, दमट हवेत उलट जास्त सीओटू घेतो आणि 60 डिग्रीला सोडतो.

माझाच रेणू लेचापेचा असेल, शक्य आहे. पायरीनवाल्या आम्लाचे काही हॉफ चांगले तगडे आहेत, तसला रेणू हाताशी असेल तर बघा करून. फक्त खडीसाखर बघून गाईडला फोटो पाठवू नका, आधी वाळवून एक्सआरडी काढा.