क्रॉनी : लिनक्सचे घड्याळ का चुकते, हे सांगणारे साधन

ठाण्यात नौपाड्यातील एका करसल्लागाराच्या कार्यालयातील संगणकांची देखभाल माझ्याकडे आहे. तेथील डेबियन या लिनक्सच्या प्रकारावर चालणाऱ्या संगणकांवर आधीपासून असलेल्या, इंटरनेटवरून वेळ जुळवणाऱ्या ‘सिस्टमडी-टाइमसिंकडी’ या प्रोग्रामच्या जागी मी त्याच कामाचे क्रॉनी बसवले. वेळेच्या तक्रारीचे मूळ शोधण्यासाठी ते निःसंशय सरस आहे. मात्र ते बसवले की घड्याळाची चिंताच मिटली, असे कोणी समजू नये.

टाइमसिंकडी वाईट नाही आणि घरच्या संगणकाला ती पुरेशी आहे. पण ती एका वेळी एकाच सर्व्हरवर (म्हणजे इंटरनेटवरून वेळ सांगणाऱ्या संगणकावर) विसंबते, आणि तो सर्व्हरच चुकीची वेळ देत असेल तर ते तिच्या लक्षात येण्याचा मार्ग नाही. क्रॉनी अनेक सर्व्हरांची वेळ ताडून पाहते. ‘क्रॉनीसी सोर्सेस’ हा आदेश दिला की प्रत्येक सर्व्हरची एक ओळ दिसते. तारका असलेला सर्व्हर सध्या निवडलेला असतो, तर ‘एक्स’ खूण असलेल्याची वेळ इतरांशी जुळत नाही म्हणून तो बाजूला ठेवलेला असतो. त्यातही ‘रीच’ हा रकाना सर्वांत उपयोगी. तेथे ३७७ दिसले, तर शेवटच्या आठही विचारणांना उत्तर आले आहे (हा आकडा अष्टमान पद्धतीतला आहे, हे माहीत नसल्यास माणूस नक्कीच चक्रावतो).

कार्यालयात नवा राउटर बसल्यावर एका संगणकाचे घड्याळ मागे पडू लागले, तेव्हा दुरुस्तीला आलेल्या गृहस्थांनी संपूर्ण प्रणाली नव्याने टाकण्याचा सल्ला दिला. प्रत्यक्षात सर्व ओळींपुढे प्रश्नचिन्ह आणि ‘रीच’मध्ये शून्य होते, संकेतस्थळे मात्र व्यवस्थित उघडत होती. म्हणजे इंटरनेट सुरू होते, पण वेळेची विचारणा ज्या यूडीपी १२३ या पोर्टवरून (जोडणीच्या क्रमांकित दारातून) होते तो राउटरने अडवला होता. राउटरच्या सेटिंगमध्ये तो खुला करताच थोड्याच वेळात पहिली तारका उमटली.

माझी मुख्य नाराजी क्रॉनीच्या सावधपणाबद्दल आहे. नेहमीच्या मांडणीत सुरू झाल्यावरच्या पहिल्या तीन दुरुस्त्यांपुरतीच, आणि तीही फरक एका सेकंदाहून अधिक असेल तरच, ती वेळ एकदम बदलते. त्यानंतर घड्याळाचा वेग किंचित कमी-जास्त करून फरक हळूहळू भरून काढते. चालू कामाच्या नोंदींमध्ये वेळ उलटी जाऊ नये यासाठी हे योग्यच आहे. परंतु या वेगबदलाची मर्यादा एक द्वादशांश असल्याने साडेपाच तासांचा फरक भरून निघायला सुमारे ६६ तास लागतात. अशा वेळी प्रशासकाच्या अधिकाराने ‘क्रॉनीसी मेकस्टेप’ हा आदेश द्यावा लागतो, आणि नवख्या माणसाला हे कोणी सांगत नाही.

साडेपाच तासांचा फरक मी मुद्दामच घेतला. ज्या संगणकावर टॅलीसाठी विंडोज आणि बाकीच्या कामांसाठी लिनक्स आहे, तेथे विंडोज मदरबोर्डवरील घड्याळात भारतीय वेळ लिहिते, लिनक्स तीच जागतिक वेळ समजून वाचते आणि घड्याळ नेमके साडेपाच तास पुढे दिसते. क्रॉनी ही वेळ दुरुस्त करील, पण विंडोज पुन्हा सुरू होताच ते भांडण नव्याने उभे राहील. विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंग साठवणाऱ्या नोंदवहीत) ‘रिअल-टाइम-इज-युनिव्हर्सल’ या नोंदीचे मूल्य १ केले की ते मिटते.

मदरबोर्डवरील सीआर२०३२ हा तीन व्होल्टचा सेल संपला असेल, तर कोणतेही सॉफ्टवेअर त्याला पर्याय नाही. या कार्यालयात रात्री मुख्य स्विच बंद करतात, त्यामुळे तेथे ही अडचण सकाळीच उघडी पडते : तारीख जुनी, आणि बँकेचे संकेतस्थळ उघडताना प्रमाणपत्र अजून वैध झालेले नाही असा इशारा. सेल बदलावा, वेळ जुळल्यावर ‘एचडब्ल्यूक्लॉक’ या आदेशाने ती मदरबोर्डच्या घड्याळात उतरवावी आणि मोकळे व्हावे.

सर्व्हर निवडताना किमान तीन, शक्यतो चार द्यावेत. दोनच असतील आणि त्यांच्यात मतभेद झाला, तर खरा कोण हे क्रॉनीला ठरवता येत नाही. आम्ही दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा आणि एनआयसी या केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञान संस्थेचे ‘समय’ हे सर्व्हर घेतले, जोडीला भारतीय पूलमधले (वेळेच्या सर्व्हरांच्या सामायिक समूहातले) काही ठेवले. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांतही याच दोन संस्थांच्या सर्व्हरांचा उल्लेख आहे, त्यामुळे व्यावसायिक कार्यालयांनी हीच निवड करणे सोयीचे. एकट्या लॅपटॉपवर काम करणाऱ्यांनी मात्र टाइमसिंकडी काढण्याची घाई करू नये.