तयार संच की सुटी जुळणी: मुंबईतून फ्लाय फिशिंगची सुरुवात

फ्लाय फिशिंगचे, म्हणजे लाईनच्या वजनावर ‘फ्लाय’ हे कीटकासारखे हलके आमिष फेकून मासे धरण्याचे, पहिले सामान घेऊ पाहणाऱ्या मुंबईकरासमोर साधारण दोन वाटा असतात. एक तयार संचाची: रॉड, रीळ, बॅकिंग (लाईनमागची राखीव दोरी), लाईन आणि लीडर (लाईन आणि फ्लाय यांच्यामधला बारीक दोरा) असे सगळे एकाच नळीत आणि लाईन रिळावर आधीच चढवलेली. दुसरी सुट्या जुळणीची: रॉड एका कंपनीचा, रीळ दुसरीचे, लाईन तिसरीची, आणि तिन्हींचा मेळ बसवण्याची जबाबदारी आपली. मी दोन्ही वापरले आहे. माझा कल कुठे आहे हे पुढे दिसेलच. तो मुंबईच्या हवेत आणि आसपासच्या पाण्यांवर तयार झालेला आहे, एवढे मात्र आधीच नमूद करतो. ज्यांचे पाणी वेगळे, त्यांचे उत्तरही वेगळे असू शकेल.

रॉडच्या लांबीवर आणि तुकड्यांवर वेळ घालवण्याचे कारण नाही. ९ फुटी, चार तुकड्यांचा रॉड दोन्ही वाटांवर मिळतो आणि त्याची नळी लोकलच्या रॅकवर सहज मावते. वेटचा, म्हणजे लाईनच्या वजनाच्या आणि तिला जुळणाऱ्या रॉडच्या क्रमांकाचा, विचार मात्र करावा लागतो. तयार संच मुख्यतः ट्राउट डोळ्यांसमोर ठेवून जुळवलेले असल्यामुळे त्यांत ५ वेटचा भरणा जास्त असतो. मुंबईचा माणूस सरावासाठी जाणार तो कर्जत-पनवेल पट्ट्यातल्या एखाद्या तळ्यावर, टिलापिया किंवा रोहू-कटल्यासाठी, आणि तिथे दुपारकडे पश्चिमेचा वारा उठला की ५ वेटची लाईन तोंडावर परत येऊ लागते. ५ वेटच्या लाईनचे पहिले ३० फूट प्रमाणानुसार १४० ग्रेनचे (ग्रेन हे वजनाचे बारीक एकक), ६ वेटचे १६० ग्रेनचे. ग्रॅममध्ये मोजायचे तर फरक जेमतेम सव्वा-दीड ग्रॅमचा भरतो, पण वाऱ्यात तो हाताला स्पष्ट जाणवतो. खाडीत जिताड्यासाठी किंवा तांबसाठी उतरायचे असेल तर २१० ग्रेनचा ८ वेट हवा, कारण तिथल्या फ्लाय मोठ्या आणि जड असतात. मात्र शिकणाऱ्याच्या खांद्याला सकाळभर तो पेलणे कठीण जाते असे माझे निरीक्षण आहे. म्हणून पहिला रॉड ६ वेटचा असावा, असे मी सुचवीन. संच घ्यायचा तरी ६ वेटचा शोधावा.

रिळाबद्दल थोडक्यात सांगतो. तळ्यावरच्या मध्यम आकाराच्या माशाला आपण बहुतेक वेळा हातानेच लाईन ओढून काठाशी आणतो, त्यामुळे पहिल्या वर्षी रिळाचे मुख्य काम लाईन सांभाळण्याचे असते. संचातले साधे रीळ या कामाला पुरते. खाडीचे खारे पाणी लागणार असेल तर ड्रॅग (पळणाऱ्या माशाला रोखणारा रिळाचा ब्रेक) बंदिस्त असलेले रीळ घ्यावे आणि घरी आल्याबरोबर ते गोड्या पाण्याने धुवावे.

माझ्यापुरता निर्णय झाला तो लाईनवर. संचात येणारी लाईन बहुधा थंड पाण्यासाठी बनवलेली असते: आत विणलेल्या नायलॉनचा गाभा आणि वर पीव्हीसीचे मऊ आवरण. थंडीत लाईन वेटोळी धरून ताठू नये म्हणून हा मऊपणा मुद्दाम ठेवलेला असतो. माझ्या संचातली लाईन हिमाचलात तीर्थनच्या काठी सुरेख चालली. त्या थंड पाण्यावर ती रिंगांतून सरसर सुटत असे. तीच लाईन एप्रिलमध्ये कर्जतजवळच्या तळ्यावर, ऊन चढल्यावर, हाताला चिकट लागू लागली. ती ओल्या बोटांना धरून राहायची, रॉडच्या दोन रिंगांमध्ये तिचा झोळ पडायचा, आणि फेकीच्या शेवटी जिथे सात-आठ हात लाईन आपसूक निघून जायला हवी तिथे ती दोन हातांवर अडायची. पायाशी पडलेली वेटोळी एकमेकांना चिकटून एकदम वर उचलली जायची आणि पहिल्याच रिंगेशी गुंता होऊन थांबायची. शिवाजी पार्कच्या कडेला पहाटे फ्लायऐवजी लोकरीचा तुकडा बांधून सराव करताना तर तिच्यावर लाल माती अशी बसायची की घरी साबणाच्या पाण्याने पुसल्याशिवाय ती पुन्हा वापरण्याजोगी होत नसे.

जाणत्या माणसाला हा त्रास फारसा अडवणार नाही. तो लाईन ओळखतो आणि बदलतो. नवशिक्याला तो फार महाग पडतो, कारण त्याला लाईनचा दोष आणि हाताचा दोष वेगवेगळा ओळखता येत नाही. फेक तोकडी पडली की तो मनगटाला दोष देतो, जोर वाढवतो, आणि मागची लाईन पूर्ण उलगडण्याआधीच रॉड पुढे आणतो. जोर लावण्याची ही खोड एकदा अंगवळणी पडली की सुटता सुटत नाही. फ्लाय फेकताना हाताला जे वजन कळते ते लाईनचेच असते. तिनेच चुकीचे सांगितले तर शिकणाऱ्याने शिकावे कशावरून?

उष्ण हवेसाठीच्या लाईनचा गाभा बहुधा कडक मोनोफिलामेंटचा असतो आणि आवरणही टणक असते. सायंटिफिक अँग्लर्स, रिओ, कॉर्टलँड या कंपन्या अशा लाईन काढतात आणि त्या ६ वेटमध्येही मिळतात. डब्यावर ‘ट्रॉपिकल’ किंवा ‘वॉर्म वॉटर’ असे शब्द शोधावेत. नुसते ‘सॉल्टवॉटर’ लिहिलेले पुरेसे नाही, कारण थंड समुद्रासाठीही वेगळ्या लाईन असतात. अशी लाईन त्याच रॉडवर चढवल्यावर मला पडलेला फरक इतका होता की रॉडच बदलल्यासारखे वाटले. मी मोजमाप काही केलेले नाही, पण ज्या तळ्यावर पलीकडची पाणवनस्पती माझ्या आवाक्याबाहेर होती तिथे फ्लाय शांतपणे जाऊन पडू लागली. जाता जाता एक सावधगिरी सांगावीशी वाटते: डास पळवणाऱ्या ज्या मलमांत डीईईटी असते ती लाईनचे आवरण खराब करतात, तेव्हा मलम मनगटाच्या वरच लावावे आणि तळहात पुसूनच लाईन धरावी.

संचाची बाजू दुबळी आहे असे मात्र मी म्हणणार नाही. त्यात मेळ बसवलेला असतो, आणि मेळ चुकण्याचा धोका सुट्या जुळणीत खरोखरच आहे. हल्ली बऱ्याच लाईन प्रमाणापेक्षा अर्धा-एक वेट जड बनवतात; डब्यावर ६ लिहिलेले असूनही पहिले ३० फूट १६० ग्रेनच्या बरेच पुढे गेलेले असतात. संथ वाकणाऱ्या रॉडवर अशी लाईन ओझे होते, कडक रॉडवर तीच शिकणाऱ्याला मदत करते. म्हणून वेटच्या आकड्यावर न थांबता ग्रेनचा आकडा वाचावा. शिवाय मुंबईतल्या गळ-दोरीच्या दुकानांत स्पिनिंगचे सामान भरपूर आणि फ्लायचे क्वचितच दिसते, तेव्हा तीन वस्तू तीन ठिकाणांहून मागवण्यापेक्षा एक नळी मागवणे सोपे, हेही खरेच.

पैशांचा हिशेब मात्र वाटतो तितका संचाच्या बाजूने झुकत नाही. इथल्या उन्हात त्यातली लाईन आज ना उद्या बदलावीच लागते, आणि चांगली लाईन स्वस्त नसते. संचातली बचत बरीचशी तिथेच खर्ची पडते. त्यापेक्षा मधल्या किमतीचा ६ वेटचा रॉड, साधे ॲल्युमिनियमचे रीळ आणि वाचलेले पैसे लाईनवर, अशी वाटणी मला अधिक सयुक्तिक वाटते. परदेशातून कोणी आप्त येणार असतील तर त्यांच्याकडून फक्त लाईन मागवावी. तिचा डबा हातातल्या पिशवीतही मावतो.

ज्यांची पहिली मोहीम हिमाचलचीच ठरलेली आहे त्यांनी संच निःशंकपणे घ्यावा. तिथे ट्राउटची मासेमारी नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंद असते, त्यामुळे बेत मार्चनंतरचा आखावा आणि परवाना आधी काढावा. टणक आवरणाची उष्ण हवेची लाईन तिथल्या गार पाण्यात स्प्रिंगसारखी वेटोळी धरते, म्हणजे तिथे पारडे उलटते. दोन्हीकडे जायचे असेल तर रीळ निवडतानाच त्याचा जादा स्पूल (लाईन गुंडाळायचे चाक) सुटा मिळतो का हे विचारून घ्यावे. संचातल्या रिळांचे स्पूल बहुधा वेगळे मिळत नाहीत, असा माझा अनुभव आहे. सुटे घेतलेल्या रिळाला मात्र एका स्पूलवर थंड पाण्याची आणि दुसऱ्यावर उष्ण हवेची लाईन ठेवता येते, आणि ती बदलायला काठावर मिनिटभरही लागत नाही.